अंगठा कशापायी?



दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्यामागोमाग आम्ही संस्थावाले प्रश्नावल्या घेऊन पोहोचतो.

पाहणीच नको, असं मला मुळीच म्हणायचं नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या अभ्यासात ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे आकडे नसते तर ‘बायकाच ऑपरेशन मागतात’ म्हणून विषय मिटला असता.

पण विचारायचं कुठे आणि कोणासमोर? काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका तळावर मी अशाच पाहणीसाठी गेले होते. बाई फडावरून येऊन चुलीपुढे बसलेली. कोपीला दार नाही, शेजारचं खोकणंही ऐकू येतं. मी संमतीपत्र वाचून दाखवलं, शाईचा पॅड पुढे केला. ती म्हणाली, “बाई, अंगठा कशापायी? उचल तर यांनी घेतलीय.” अंगठा म्हणजे कर्ज, एवढाच तिचा कागदाशी संबंध आलेला. ‘हे वेगळं आहे’ म्हणाले. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि अंगठा दिला. मग पाळीचे, अंगावरून जाण्याचे प्रश्न. उत्तरं बहुतेक नवऱ्यानेच दिली. फॉर्म मात्र नियमाप्रमाणे पूर्ण. आम्ही तो मोजलाही.

‘आयसीएमआर’च्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदाराची सोय आहे. तळावर सही करू शकणारा, हात रिकामे असलेला माणूस बहुधा मुकादमच! माझ्या त्या फॉर्मवर त्याचीच सही आहे. कोण आजारी, कोणाची पिशवी काढलेली, हे ज्याला कळू नये तोच साक्षीला. खाडा धरणारा तो, पुढची उचल ठरवणारा तो.

नाव गाळलं की झालं, हाही आपला गोड गैरसमज. ‘अमुक कारखान्याचा तळ, वय २६, दोन मुली, पिशवी काढलेली’ असं अहवालात छापलं, की ती कोण हे तळावरची पोरंही सांगतील.

या हंगामात आमच्या गटाने तळावर आजाराचे प्रश्न विचारणं थांबवलं. पहिल्या भेटीत फक्त माहिती द्यायची, अंगठा मागायचा नाही. जिला बोलायचं तिने बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यावं. तिथे पडद्याआड बोलणं, तपासणी आणि औषधही. साक्षीदार बाई तिची तिनेच निवडायची. थोड्याच जणी आल्या. त्यांतल्या दोघी सगळं ऐकून घेऊन ‘नको’ म्हणाल्या, औषध घेऊन परत गेल्या. आमच्या तक्त्यात ‘नकार’ असा एक रकाना पहिल्यापासून आहे. त्यात आजवर एकही नोंद नव्हती.