अपडेट झाले आणि बॅटरी बसली?

"रात्री फोन अपडेट केला आणि सकाळपासून चार्जिंग टिकतच नाही." आमच्या राजूरमध्ये हे वाक्य आता नवे राहिलेले नाही. बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, शाळेच्या फाटकाबाहेर, लग्नघरात बायकांच्या गप्पांत, कुठेही ते ऐकू येते. फज्रला शंभर टक्के भरलेला फोन पूर्वी इशापर्यंत पुरायचा, आता असरलाच लाल खूण दाखवू लागतो. घरातल्या मुलांवर पहिला आळ येतो, "तूच गेम खेळला असशील!" मूल बिचारे शपथा घेते. बऱ्याच वेळा ते खरेच बोलत असते.

ही तक्रार किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आज फोन म्हणजे घराची किल्ली झाला आहे. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी त्यावरच होते. दुकानातले पैसे त्यावर जमा होतात, शाळेची सूचना त्यावर येते, आखातात कामाला गेलेल्या मुलाचा चेहरा आईला त्यावरच दिसतो. रात्री घरात कोणाला अचानक त्रास झाला, तर 108 क्रमांक लावायलाही चार टक्के चार्जिंग हवेच. फोन बंद पडला की घराचे दार लागल्यासारखे होते.

अशा वेळी आम्ही दोन निर्णय वारंवार होताना पाहतो. एक, "आता कधीच अपडेट करायचे नाही" अशी घरात सक्त ताकीद दिली जाते. दोन, "हा फोन गेला" असे समजून हप्त्यावर नवा फोन उचलला जातो. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. पहिल्यात पैशांची सुरक्षा जाते, दुसऱ्यात पैसाच जातो. मधला रस्ता आहे आणि तो अवघड नाही.

आधी कारण समजून घेऊ. ईदच्या आधी घराला रंग दिला की काय होते? रंग दोन दिवसांत होतो, पण भांडी पुन्हा फळीवर लावायची, कपाटे जागेवर सरकवायची, पडदे टांगायचे, यात पुढचे तीन-चार दिवस जातात. मोठ्या अपडेटनंतर फोनही आतल्या आत हेच करतो. सगळे फोटो, संपर्क आणि फाइली यांची यादी तो पुन्हा बनवतो. प्रत्येक ॲप नव्या व्यवस्थेशी जुळवून घेतो. त्यातच पाठोपाठ ॲपचेही अपडेट उतरू लागतात. हे सारे काम स्क्रीन बंद असतानाही चालू राहते, म्हणून फोन खिशात गरम लागतो आणि टक्के भराभर उतरतात. शिवाय आपण कोणते ॲप कधी वापरतो हे पाहून बॅटरी वाचवण्याची सोय अँड्रॉइड फोनमध्ये 2018 पासून आहे. मोठ्या बदलानंतर तिलाही आपल्या सवयी पुन्हा ओळखायला थोडे दिवस लागू शकतात. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांवरून फोनला नापास करू नये.

मग अपडेटवर घेतला जाणारा संशय निव्वळ वहम आहे का? तसेही नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो खरा ठरल्याची उदाहरणे जगासमोर आहेत. जुनी बॅटरी एकदम जास्त ताकद देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो, म्हणून ॲपलने 2017 मध्ये एका अपडेटमधून जुन्या आयफोनचा वेगच कमी केला. ग्राहकांना ते नीट सांगितले नव्हते. डिसेंबर 2017 मध्ये कंपनीने हे मान्य केले, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. भारतातही दर कमी झाले. 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशाच तक्रारींवरून ॲपलला 1 कोटी युरो आणि सॅमसंगला 50 लाख युरो दंड केला. 2020 मध्ये फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड ठोठावला.

ही प्रकरणे फोन मंदावण्याची होती. बॅटरीशी थेट संबंध असलेले प्रकरण अगदी अलीकडचे आहे. गुगलचा पिक्सेल 4ए हा फोन भारतात 2020 पासून विकला गेला. जानेवारी 2025 मध्ये त्याला एक अपडेट आले आणि काही फोनची बॅटरी पूर्वीपेक्षा कमी भरू लागली. बॅटरी तापण्याचा धोका टाळण्यासाठी हे मुद्दाम केले होते. त्या बदल्यात कंपनीने बाधित ग्राहकांपुढे मोफत बॅटरी बदलण्यासारखे पर्याय ठेवले. म्हणजे अपडेटने बॅटरीवर परिणाम होऊ शकतो, आणि ग्राहकाने आवाज उठवला तर भरपाईही मिळू शकते.

मात्र यावरून "अपडेटच नको" असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. अपडेटमध्ये फक्त नवी चित्रे आणि नवे रंग येत नाहीत. चोर ज्या फटीतून आत शिरतो ती फटही अपडेट बुजवत असते. ज्या फोनवर घराचे बँक खाते चालते, त्याची फट उघडी ठेवून कसे चालेल? एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, सांगून ठेवा. फोनचे खरे अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्येच येते आणि ॲपचे खरे अपडेट ॲपच्या अधिकृत स्टोअरवर. व्हॉट्सॲपवर लिंक किंवा फाइल बनून ते कधीच येत नाही. "वाहनाचे चलान" किंवा "पीएम किसान" अशा नावाच्या एपीके फाइली फिरतात आणि त्या उघडल्यावर लोकांची खाती रिकामी झाली आहेत. अशी फाइल मागच्या बाजूने सतत काम करत राहते, त्यामुळे बॅटरीही खाते. अचानक बॅटरी उतरू लागली आणि फोनमध्ये न ओळखीचे ॲप दिसले, तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

आता करायचे काय, ते क्रमाने पाहू.

पहिले काम, फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. ॲपचे राहिलेले अपडेट अधिकृत स्टोअरवरून पूर्ण करून घ्या. जुने ॲप नव्या व्यवस्थेत अडखळते आणि बॅटरी खात बसते.

दुसरे काम, वहीत मोजा. तीन दिवस रोज फज्र, जुहर, असर आणि इशाच्या वेळी बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. नुसते "लवकर उतरते" म्हणण्यापेक्षा "सकाळी 100, असरला 35" हे लिहिलेले जास्त कामाचे. आकडा रोज सुधारत असेल तर फोन आपले काम उरकतो आहे, त्याला उरकू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशीही आकडा तिथेच असेल तर पुढे तपासा.

तिसरे काम, सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर जा. कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले याची यादी तिथे असते. आपण दिवसभर जो वापरलाच नाही असा ॲप वर दिसला तर चोर सापडला. त्याचे मागच्या बाजूचे काम बंद करा, गरज नसेल तर तो काढून टाका.

इथे आमच्या वाचकांसाठी एक खास सूचना. बॅटरी वाचवण्याच्या नादात सगळ्याच ॲपवर बंदी घालाल, तर अजानचा ॲप वेळेवर बोलणार नाही आणि फज्रचा गजर चुकेल. अपडेटनंतर कधी कधी ही बंदी आपोआपही लागते. अजानचा ॲप आणि गजर यांना त्या यादीतून मोकळे ठेवा. मात्र अजानच्या ॲपला सतत ठिकाण शोधायला लावू नका. बऱ्याच ॲपमध्ये शहर हाताने निवडता येते. एकदा "जालना" निवडले की काम झाले. प्रवासाला निघाल्यावर बदलता येईल. किबल्याची दिशा दाखवणारा ॲपही काम झाल्यावर बंद करावा.

चौथे काम, दोष अपडेटचा की नेटवर्कचा, हे ओळखा. टॉवर दूर असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचायला फोन जास्त जोर लावतो. जाड मातीच्या भिंती किंवा पत्र्याचे छप्पर असलेल्या घरात हे जास्त जाणवते. आमच्याकडे अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनाला लाखोंची गर्दी होते. त्या दिवशी नेटवर्क तुंबते आणि दुकान लावणाऱ्यांचे फोन दुपारीच मान टाकतात. तिथे अपडेटचा काहीच संबंध नसतो. घरात 5जी धड येत नसेल तर सेटिंग्जमध्ये 4जी निवडून दोन दिवस पाहा. फरक पडला तर कारण सापडले.

हे सगळे करूनही आकडा हलत नसेल, तर बॅटरीचे वय पाहा. रांजणाच्या तळाशी गाळ साचला की तो काठोकाठ भरला तरी पाणी कमीच मावते. जुन्या बॅटरीचे तसेच असते. फोन 100 टक्के दाखवतो, पण ते शंभर पहिल्या वर्षीच्या शंभराइतके नसतात. अशा थकलेल्या बॅटरीवर अपडेटचे जास्तीचे काम पडले की कमजोरी एकदम उघडी पडते आणि सगळा दोष अपडेटच्या माथी जातो. आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्येच बॅटरीची प्रकृती टक्क्यांत दिसते. ती 80 च्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजा.

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे खुद्द ॲपल सांगते, आणि आपल्या जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन, पत्र्याखालच्या खिडकीत चार्जिंगला ठेवलेला फोन, उशीखाली रात्रभर तापणारा फोन, हे तिन्ही बॅटरीचे आयुष्य खातात. उशीखाली तर आगीचाही धोका असतो. चार्ज करताना फोन सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल तर तो फोन चार्जिंगला लावूच नका, दाबू नका, टोचू नका. सरळ दुरुस्तीला न्या.

बॅटरी बदलायची ठरली तर आधी अधिकृत सेवा केंद्रात दर विचारा, मग नव्या फोनच्या किमतीशी तुलना करा. दोन्हींत बहुतेक वेळा मोठे अंतर निघते. फोन चांगला असताना केवळ बॅटरीसाठी तो टाकून देणे हा इस्राफच आहे. त्यात व्याजाच्या हप्त्याचे ओझे घरावर आले तर ते आणखी वाईट. बॅटरी कुठेही बदला, पण बिल घ्या आणि त्यावर बॅटरीची वॉरंटी लिहून घ्या.

फोन वॉरंटीत असेल आणि अपडेटनंतर खरोखर बिघडला असेल, तर "अपडेट तुम्हीच केले ना?" या उत्तरावर गप्प बसू नका. अपडेट कंपनीनेच पाठवलेले असते. वहीतले आकडे, बॅटरीच्या पानाचे फोटो, बिल आणि सेवा केंद्राची पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे राजूरच्या माणसाला कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, जालना पुरेसे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

जगातही हवा बदलते आहे. 20 जून 2025 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी 800 वेळा पूर्ण भरून-रिकामी झाल्यानंतरही किमान 80 टक्के टिकली पाहिजे, असा नियम लागू झाला आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ग्राहक जितके नेमके बोलतील, तितके असे नियम इकडेही लवकर येतील.

तेव्हा पुढच्या वेळी अपडेटची सूचना आली की घाबरू नका. रात्री चार्जर लावून, वायफाय असेल तर त्यावर अपडेट करा. परीक्षेच्या, प्रवासाच्या किंवा दवाखान्याच्या आदल्या रात्री मात्र नको. निवांत दिवस निवडा. मग तीन दिवस वहीत आकडे लिहा. मुलावर रागावण्याआधी आणि नव्या फोनचा हप्ता बांधण्याआधी ते आकडे काय सांगतात, एवढे एकदा पाहा.