रीलमधले गुरुजी आणि रस्त्यावरचे गुरुजी: नाशिकच्या शाळांना नेमकं काय हवंय?

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आले असतील. मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, राज्यघटनेची कलमं न अडखळता सांगतात, मोठमोठे पाढे म्हणून दाखवतात. ही शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि रोज १२ तास चालते, अशी तिची ओळख आहे. असा व्हिडिओ पाहिला की आपण हात जोडतो आणि शेअरचं बटण दाबतो.

आता याच जिल्ह्यातलं दुसरं दृश्य. जुलै २०२५, ऐन पावसाळा. नाशिक शहरातल्या आदिवासी विकास भवनासमोर शासकीय आश्रमशाळांमधले रोजंदारी शिक्षक आणि कर्मचारी बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर बसले होते. म्हणणं एवढंच, की आम्हाला आमच्या कामावर परत घ्या.

शाळेचं वातावरण चांगलं असावं, मुलांना शाळेत यावंसं वाटावं, असं सगळेच म्हणतात. ते वातावरण तयार करणाऱ्या माणसाला आपण काय देतो, हे या दोन दृश्यांमधून समजून घेता येतं.

नाशिकमध्ये काय झालं होतं?

राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत. विभागाचं आयुक्तालय नाशिकमध्ये आहे, म्हणून गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या आश्रमशाळांचे मोर्चे नाशिकलाच येतात.

या शाळांमध्ये रिक्त पदांवर वर्षानुवर्षं रोजंदारीने किंवा तासिका तत्त्वावर माणसं घेतली गेली. वर्ग ३ मध्ये शिक्षक, वर्ग ४ मध्ये स्वयंपाकी, कामाठी, सफाईगार. शैक्षणिक वर्ष संपलं की काम संपायचं आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळायची. मे २०२५ मध्ये शासनाने आश्रमशाळांमधली १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे बाहेरच्या कंपनीमार्फत भरायचं ठरवलं. त्यामुळे आधीपासून शिकवणाऱ्यांची नेमणूक अडचणीत आली आणि बिऱ्हाड मोर्चा निघाला. ते आंदोलन अनेक आठवडे चाललं.

दुसरी बाजूही बघू. रोजंदारीने माणूस घेताना त्याच्या गुणवत्तेची नीट परीक्षा होत नाही आणि मुलांना पात्र शिक्षक मिळालाच पाहिजे, हा मुद्दा खोटा नाही. पण त्याचं उत्तर नियमित भरती हे आहे. एका तात्पुरत्या माणसाच्या जागी दुसरा तात्पुरता माणूस आणल्याने पद भरल्याची नोंद होते, मुलांच्या दृष्टीने मात्र अजून एक अनोळखी माणूस वर्गात येतो.

सारखे शिक्षक बदलले तर बिघडतं काय?

आश्रमशाळा निवासी असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातलं सहा-सात वर्षांचं मूल घर सोडून तिथे राहायला येतं. घरात ते कोकणा किंवा वारली बोलतं, पुस्तक प्रमाण मराठीत असतं. या दोन भाषांमधला पूल म्हणजे शिक्षक. मुलाचे शब्द कळायला, तो गप्प का आहे हे ओळखायला, घरच्यांशी ओळख व्हायला शिक्षकाला किमान एखादं वर्ष लागतं. तेवढ्यात नेमणूक संपली, की पुढचा माणूस पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.

स्वयंपाकी आणि कामाठ्यांचंही तसंच. कोणतं मूल घरच्या आठवणीने जेवत नाही, कोण रात्री घाबरून उठतं, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. कागदावर ही वर्ग ४ ची पदं असतात. निवासी शाळेत मात्र मुलाला आपलं वाटणारं घरचं माणूस बहुतेक वेळा तेच असतं.

आणि ज्याला मे महिन्यानंतर आपण इथे असू का हेच माहीत नाही, त्याच्याकडून पाच वर्षांचा विचार कसा मागणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शिक्षकांच्या सतत होणाऱ्या बदल्या थांबवण्याची गरज सांगितली आहे. कारण हेच, मुलांना ओळखीचा चेहरा लागतो.

८४ तास आणि ४५ तास

आता हिवाळीकडे परत येऊ. तिथल्या शिक्षकांचं कौतुक आहेच. पण थोडा हिशेब करू. रोज १२ तास आणि आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे ८४ तास. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तासांचं काम धरलं आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही येतात. हिवाळीची शाळा जवळपास दुपटीने चालते.

एखाद्याने स्वतःहून एवढं द्यावं, हा त्याचा मोठेपणा. पण ते सगळ्यांसाठी माप ठरलं, की रोज वेळेवर येऊन, प्रेमाने आणि नीट शिकवून संध्याकाळी घरी जाणारा शिक्षक आपल्याला कामचुकार वाटायला लागतो. खरं तर व्यवस्था अशाच शिक्षकांवर चालते.

४५ तास तरी शिकवण्याला मिळतात का?

कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद १५० हून जास्त मुलं असतील तरच. म्हणजे डोंगराळ भागातल्या बहुतेक छोट्या शाळांत दोघांपैकीच एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मुलांच्या आधारची पडताळणी, यू-डायसची माहिती, ‘सरल’वरच्या नोंदी, हे सगळं त्याच्याकडे. तो तालुक्याला बैठकीला गेला, की दुसरा शिक्षक एकटाच पाच इयत्ता सांभाळतो. देशात एकच शिक्षक असलेल्या शाळांची संख्याच एक लाखाहून जास्त आहे, असं २०२४-२५ ची यू-डायस आकडेवारी सांगते. तिथे तर बैठकीच्या दिवशी वर्गावर कोणीच उरत नाही.

याबद्दल कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे. दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढीच तीन अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये तर निवडणुकीची आणि मतदार यादीची कामंही शिक्षकांना सुट्टीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावीत, असं सांगितलं होतं. महाराष्ट्र शासनाने २३ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय काढून शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामं कोणती, याची वर्गवारीही केली.

अडचण अशी, की प्रत्येक काम एकेकटं छोटं असतं. एक लिंक भरायची, एक फोटो अपलोड करायचा, एक माहिती ‘आजच्या आज’ पाठवायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या अशा दहा निरोपांनी सकाळचा तास जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. कलम २७ मधली तीन कामं मोजता येतात. ही न मोजलेली कामंच जास्त वेळ खातात.

टीईटीचा निकाल: परीक्षा हवी, पण तयारीला हात कोण देणार?

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबद्दल मोठा निकाल दिला. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन, असं हे प्रकरण होतं. निकालानुसार ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर सेवा सोडायची. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत सूट आहे, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

जिल्हा परिषद शिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८. निकालाच्या दिवशी ५२ वर्षांच्या असलेल्या बाईंची सहा वर्षं उरली होती, म्हणजे त्यांना परीक्षा द्यावी लागेल. त्या नोकरीला लागल्या तेव्हा ही अट अस्तित्वातच नव्हती, ती ऑगस्ट २०१० मध्ये आली. १५० गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ९० गुण. मुदत ऑगस्ट २०२७ च्या अखेरीपर्यंत. त्यातच फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची मुख्य फेरी आहे आणि तिथेही प्रगणक म्हणून शिक्षक लागणार.

परीक्षेला विरोध आणि समर्थन, दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालंय. डिसेंबर २०२५ मध्ये शिक्षक संघटनांनी शाळा बंद आंदोलनही केलं. पण एक प्रश्न मागे राहिला. पंचवीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या माणसाला आपण परीक्षेची तारीख सांगितली, अभ्यासाची सोय सांगितली का? राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. त्यातले काही तास बालमानसशास्त्र आणि विषयज्ञानासाठी केंद्र पातळीवर एकत्र बसून वापरले, तर टीईटीचीही तयारी होते आणि वर्गालाही उपयोग होतो. नोकरी जाण्याची धास्ती मनात असलेला शिक्षक मुलांसमोर मोकळा राहू शकत नाही.

‘तपासणी’ऐवजी ‘सोबत’: कुमठे बीटचा धडा

महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. शिक्षण खात्याच्या भाषेत बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या शाळा. इथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी सुमारे ४० शाळांमधल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीवर काम केलं. मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती गटात बसून, वस्तू हाताळत, आपसांत बोलत शिकू लागली. शिक्षाही नाही आणि घोकंपट्टीही नाही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राज्यभरातले शिक्षक कुमठे बीट पाहायला जायचे.

यातली महत्त्वाची गोष्ट जमिनीवरचे तक्ते ही नव्हती. तक्ते नंतर अनेक शाळांनी रंगवले. महत्त्वाचं हे, की शाळेत येणारा अधिकारी हजेरीपट आणि दप्तर तपासून शेरा मारून गेला नाही, तर वर्गात बसला आणि शिक्षकाला कुठे अडतंय ते त्याने विचारलं. एका जागी झालेला बदल ४० शाळांत पोहोचला, कारण शिक्षक एकमेकांकडून शिकत होते.

राज्यात यासाठी लागणारी रचना आधीच आहे. दर काही शाळांमागे एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख आणि नियमित शिक्षण परिषद. केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं मंजूर आहेत. ती भरलेली असणं आणि त्या माणसाने माहिती गोळा करण्यापेक्षा वर्गात जास्त वेळ घालवणं, एवढं झालं तरी खूप फरक पडेल.

मग आपण काय करायचं?

तुमचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांमध्ये या समितीला एक काम नेमून दिलं आहे: शिक्षकांवर कलम २७ बाहेरच्या अशैक्षणिक कामांचा बोजा पडत नाही ना, यावर लक्ष ठेवणं. म्हणजे शिक्षकांच्या वेळेची राखण करणं हे पालकांच्या अधिकारातलं काम आहे.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारून बघा.

१. गेल्या महिन्यात किती दिवस शिक्षक शाळेबाहेरच्या कामासाठी गेले? त्याची नोंद ठेवता येईल का?

२. शाळेतली किती पदं रिक्त आहेत आणि किती तात्पुरत्या माणसांवर चालतात? त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीचा ठराव पाठवला का?

३. आमच्या सर-बाईंना कोणती मदत लागते?

तिसरा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि बहुतेक शाळांमध्ये तो कधी विचारलाच जात नाही. तक्रार घेऊन येणारे पालक शिक्षकांच्या सवयीचे असतात. हा प्रश्न घेऊन एखादा पालक आला, तर उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा थांबा.