मानाचे पान कोणास?

हल्ली विद्यार्थ्यास काही माहिती हवी झाली म्हणजे तो ग्रंथालयाच्या कपाटापाशी जाण्याआधी शोधयंत्रापाशी जातो. त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. परंतु यंत्राने जे सर्वांत वर ठेविले तेच खरे, अशी जी समजूत मुलांत आणि पालकांतही रुजत आहे, ती घातक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच घेऊ. 'अकोल्यातील किल्ला' असे शोधले असता असदगडाची माहिती मिळावी, अशी आपली अपेक्षा. पण नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अकोले नावाचे गाव आहे. आणि प्रत्यय लागला की 'अकोला' व 'अकोले' ह्या दोहोंचे रूप 'अकोल्यातील' असे एकच होते! त्या अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड व रतनगड आहेत, आणि डोंगरभटक्यांनी त्यांवर विपुल लिहिले आहे. तेव्हा आपला असदगड मागे पडून ते गड पुढे आले, तर नवल ते काय?

ह्याचे कारण असे की, शोधाची अंगे दोन आहेत. पहिले निवडीचे. जॉर्ज बूल ह्या गणितज्ञाने १८५४ साली विचाराच्या नियमांवर ग्रंथ लिहून तर्कास बीजगणिताचे रूप दिले. त्यास अनुसरून 'आणि', 'किंवा', 'नाही' एवढ्या तीन शब्दांनी अट घालता येते. ह्या अंगास आत घेणे वा न घेणे इतकेच ठाऊक. आत आलेल्या हजार पानांत थोर कोणते, हे त्यास कळत नाही. ते काम दुसऱ्या अंगाचे, म्हणजे क्रमाचे. शब्द पानात कितीदा आला, हे ते पाहते. जो शब्द एकंदर संग्रहात विरळ, त्यास अधिक वजन द्यावे, हा विचार कॅरन स्पार्क जोन्स ह्या विदुषींनी १९७२ साली मांडला. इतर पाने कोणत्या पानाकडे बोट दाखवितात, हे मोजण्याची रीत ब्रिन व पेज ह्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली.

लग्नाच्या पंगतीत आमंत्रण कोणास हे आधी ठरते, मानाचे पान कोणास हे मागाहून. शोधयंत्राचेही तसेच आहे. मात्र साध्या शोधात ते आपली अट पुष्कळदा सैल करते. आणि बोलबाला मोठा म्हणून मान मिळाला, तरी ते पान आपल्या कामाचे असतेच असे नाही.

म्हणून अट आपण विचारपूर्वक घालावी. 'वऱ्हाड' किंवा 'मोर्णा' असा एखादा नेमका शब्द जोडावा. 'नाही' मात्र जपून वापरावे. 'हरिश्चंद्रगड नाही' म्हटले की महाराष्ट्रातील सर्व किल्ल्यांचे वर्णन करणारे, असदगडही सांगणारे, पान दाराबाहेर जाते. जुनी रूपे 'किंवा'ने जोडावी. १९११ च्या इंग्रजी गॅझेटियरात अमरावतीचे नाव 'अमराओती' अशा स्पेलिंगने छापले आहे. केवळ आजचे स्पेलिंग धरून बसणाऱ्यास तो ग्रंथ हुकण्याचा संभव फार.

कोणी म्हणतील, नवी यंत्रे अर्थही ओळखतात, मग हा खटाटोप कशास? ती अर्थाचा अंदाज करतात, हे खरे. परंतु अंदाज तपासून पाहणे हे विद्या शिकणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच : मुलाने उत्तर आणून दाखविले की त्यास दोन प्रश्न पुसावे. हे पान कोणत्या अटीने आत आले, आणि कोणत्या गुणाने वर बसले? ज्यास ह्या दोहोंचे उत्तर देता येईल, त्याने शोध केला असे समजावे. इतरांस ते पान केवळ सापडले.