पाठ केलेले ऐनवेळी हाती कसे येते?

जॅझमध्ये वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गवयाजवळ घोटलेले पलटे आणि ताना असतात, तशी जॅझ वादकाजवळही लहान-लहान सुरावटींची शिदोरी असते. त्यातली नेमकी सुरावट नेमक्या क्षणी बोटांत येणे, हीच कसोटी.

अमेरिकेतील इंडियानापोलिसचे गिटारवादक वेस माँटगोमेरी (१९२३-१९६८) यांची कहाणी याबाबत बोलकी आहे. चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून, विशीच्या सुमारास, ते जॅझ गिटारकडे वळले. ना गुरू, ना स्वरलिपीचे ज्ञान. दिवसा नोकरी, रात्री सराव. आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून ते अंगठ्याने तारा छेडू लागले. ख्रिश्चन यांचे वादन त्यांनी स्वर न् स्वर पाठ केले. तेवढ्यावर क्लबात कामही मिळाले. पण पाठ केलेले संपले की वाजवायला काही उरत नसे. ते मंचावरून खाली उतरत!

अनेक शिकाऊ वादकांचे इथेच अडते. घरी पन्नास सुरावटी बिनचूक येतात, चौघांत बसले की एकही आठवत नाही. लय मिनिटाला २०० मात्रांची असेल, तर चार मात्रांचा कॉर्ड जेमतेम सव्वा सेकंद टिकतो. तेवढ्यात आठवून, निवडून वाजवणे कसे जमणार? ते काम कानाने आणि बोटांनीच करावे लागते.

त्यासाठी एका वेळी एकच सुरावट घ्यावी. आधी ती गिटारशिवाय गुणगुणता यावी. मग ती कोणत्या कॉर्डवर शोभते ते पाहावे. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर ही साखळी जॅझमध्ये पदोपदी भेटते. तिच्यावरची एक सुरावट बाराही पट्ट्यांत बसवली, तर असंख्य गाण्यांत कामी येते. नंतर तिची मोडतोड करावी. एक मात्रा उशिरा उचलावी, शेवटचा स्वर बदलावा, कधी अर्ध्यावरच सोडावी. शेवटी ओळखीचे गाणे घेऊन प्रत्येक आवर्तनात ती मुद्दाम एकदा आणावी. असे रोज केले, की काही दिवसांनी ती आठवावी लागत नाही, आपसूक येते.

ख्रिश्चन १९४२ मध्ये, अवघ्या २५ व्या वर्षी क्षयाने गेले. माँटगोमेरी १९४८ मध्ये लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि १९६० च्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ या ध्वनिमुद्रिकेपर्यंत त्यांची शैली पूर्ण स्वतंत्र झाली होती. आज नवे वादक त्यांचे वादन पाठ करतात. उसने घेतलेले सूर असेच, वापरता वापरता आपले होतात.