साधेपणाची स्तुती आणि पाण्याचा प्रश्न

30 जुलै 2021 रोजी गणपतराव देशमुख यांचे सोलापुरात निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. एसटीने प्रवास करणारा आमदार, अकरा वेळा निवडून येऊनही ज्याच्या राहणीत फरक पडला नाही असा लोकप्रतिनिधी, हयातभर एकच झेंडा खांद्यावर घेतलेला कार्यकर्ता, अशी त्यांची वर्णने झाली. ती सर्व खरी होती. परंतु ज्यांनी ही स्तुती केली त्यांच्यापैकी बहुतेकांनी गणपतरावांचा साधेपणा हा जणू एखाद्या संग्रहालयात जपून ठेवण्याजोगा दुर्मीळ नमुना मानला. त्या साधेपणामागे जे राजकारण उभे होते, त्याचा उल्लेख करण्याचे मात्र सोयीस्करपणे टाळले. मृत कार्यकर्त्याची राहणी वाखाणायची आणि त्याची मागणी विसरायची, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील जुनीच रीत आहे.

गणपतराव प्रथम विधानसभेत गेले ते 1962 साली, सांगोल्यातून, शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने. संयुक्त महाराष्ट्राचा लढा नुकताच संपला होता आणि त्या लढ्याच्या लाटेवर निवडून आलेल्या विरोधी पक्षांना ओहोटी लागली होती. ज्या केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी हा पक्ष उभा केला, तेही त्यापूर्वीच काँग्रेसमध्ये परतले होते. बहुजन समाजातील कर्तबगार तरुणाने सत्तेच्या वळचणीला जावे, कारखाना काढावा, बँक काढावी आणि त्यातून विकास साधावा, असा तो काळ होता. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने ती वाट धरली नाही. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील यांच्या बरोबरीने तो विरोधी बाकांवर बसला, आणि 1978 व 1999 मधील मंत्रिपदाचे अल्प काळ वगळता जन्मभर तेथेच राहिला.

1972 साली त्यांचा पराभव झाला. 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. 1995 साली अवघ्या 192 मतांनी ते पुन्हा पडले आणि 1999 साली पुन्हा निवडून आले. पराभवानंतरच्या वर्षांत त्यांनी पक्ष बदलला नाही, मतदारसंघ बदलला नाही, की सांगोल्यात राहणे सोडले नाही. सुमारे पन्नास वर्षे एकाच तालुक्याने एका माणसाला विधानसभेत पाठवावे, याचे कारण केवळ त्याच्या चारित्र्यात शोधणे पुरेसे नाही. चारित्र्यवान माणसे निवडणुकीत पडतात, हा महाराष्ट्राचा नित्याचा अनुभव आहे. सांगोल्यात काही निराळे घडले असले पाहिजे.

ते निराळे काय, हे समजण्यासाठी माणदेशाचा नकाशा पाहावा लागेल. सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बहुतेक महिने वाळूची असते. नीरेचा उजवा कालवा सांगोल्यात पोहोचतो तो शेपटाला. वरच्या अंगाचा ऊस भिजल्यावर जे उरेल ते खालच्यांचे. खिलार बैलांची पैदास करणारा, मेंढरे घेऊन देशोधडीला लागणारा, ऊसतोडीला आणि मुंबईच्या गिरणीत जाणारा हा मुलूख. येथल्या माणसाला आमदाराकडून दाखला किंवा शिफारसपत्र हवे असते हे खरे. पण त्याहून अधिक त्याला पाणी हवे असते. ते मिळत नसेल, तर का मिळत नाही याचे उत्तर हवे असते.

गणपतरावांनी या उत्तराचा पाठपुरावा केला, हे त्यांच्या आयुष्याचे खरे सार आहे. दुष्काळ हा देवाचा कोप नसून पाणीवाटपाचा अन्याय आहे, ही गोष्ट त्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्याला समजावून सांगितली. कृष्णेच्या पाण्याबाबत बच्छावत लवादाने महाराष्ट्राचा वाटा 560 टीएमसी ठरविला. त्यातील माणदेशाचा वाटा किती, हा प्रश्न विधानसभेत विचारणारे थोडे होते आणि बाहेर लोकांना संघटित करून विचारणारे त्याहून थोडे. 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. पत्री सरकारचे सेनानी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही त्या परिषदांमागची माणसे. तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी वर्षानुवर्षे तेथे जमले. त्यांची मागणी केवळ ‘आम्हाला पाणी द्या’ एवढीच नव्हती. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबाच्या गरजेप्रमाणे द्या, भूमिहीनालाही त्यात हक्क द्या, असे समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यांनी मांडले. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या योजना मार्गी लागण्यात या रेट्याचा वाटा मोठा आहे.

लोकप्रतिनिधीची सेवा म्हणजे काय, याविषयीचा धडा येथे आहे. सेवा दोन प्रकारची असते. एक उपकाराची. तिच्यात आमदार दाता असतो, मतदार याचक असतो. दवाखान्याचे बिल, लग्नाचा आहेर, जत्रेची वर्गणी, सभामंडपासाठी निधी, असा तिचा व्यवहार असतो. दुसरी हक्काची. तिच्यात आमदार लोकांच्या रांगेत उभा असतो, त्यांचे गाऱ्हाणे सभागृहात नेतो आणि सभागृहातले उत्तर परत लोकांपर्यंत आणतो. पहिल्या सेवेला पैसा लागतो. तो कोठून तरी मिळवावा लागतो, आणि मिळविणारा माणूस पैसा देणाऱ्याचा होतो. दुसऱ्या सेवेला वेळ, अभ्यास आणि संघटना लागते. गणपतरावांना एसटीने फिरणे परवडले याचे कारण त्यांची सेवा दुसऱ्या प्रकारची होती. त्यांचा साधेपणा हा व्यक्तिगत सद्गुण होताच, पण तो त्यांच्या राजकारणाचा परिणामही होता.

विधिमंडळ या कामासाठी किती उपयोगी पडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने देशाला घालून दिले आहे. 1972 च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडीत होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेला बळ मिळाले, शेकाप, समाजवादी आणि कम्युनिस्ट यांनी सभागृहात आणि रस्त्यावर रेटा लावला, आणि 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क ठरला. पुढे 2005 साली राष्ट्रीय कायदा झाला तो याच धर्तीवर. कायदे करणारे सभागृह आणि मोर्चा काढणारी जनता यांच्यामध्ये सांधा जुळला म्हणजे काय होऊ शकते, हे यावरून दिसते.

तो सांधा आज निखळला आहे. 2016 साली आमदारांचे वेतन भरघोस वाढविणारे विधेयक सभागृहाने चर्चेविना संमत केले. दुष्काळावरील चर्चेला मात्र बाके रिकामी असतात. नियतीचा उपरोध असा की, जून 2022 मध्ये सांगोल्याचे नाव देशभर गाजले ते पाणी परिषदेमुळे नव्हे. गणपतरावांचे जुने प्रतिस्पर्धी शहाजीबापू पाटील तेव्हा सांगोल्याचे आमदार होते. पक्ष फोडून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत तेही होते, आणि तेथील झाडी, डोंगर व हॉटेल यांचे त्यांनी दूरध्वनीवर केलेले कौतुक लोकांनी मिटक्या मारीत ऐकले. दोष एका आमदाराचा नाही. निवडून येणे हेच साध्य झाले की प्रतिनिधी मतदारसंघापासून किती दूर जाऊ शकतो, याचा तो नमुना होता. आणि हसणाऱ्यांत आपणही होतो, हे विसरून चालणार नाही.

मात्र गणपतरावांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना उणी बाजू झाकणे हा त्यांच्यावरच अन्याय ठरेल. टेंभू आणि म्हैसाळचे पाणी आले, पण समन्यायी वाटप आले नाही. उपसा योजनेचे वीजबिल थकले की पंप थांबतात. पाणी पोहोचते तेथे ते विहीर, शेततळे आणि जमीन असणाऱ्याच्या डाळिंबाला आधी मिळते. मेंढपाळ आणि शेतमजूर पूर्वी जेथे होता तेथेच राहतो. दुसरे असे की, ज्या पक्षाने एके काळी राज्यभर विरोधी पक्षाची भूमिका बजावली, तो पक्ष सांगोला आणि रायगडसारख्या दोनचार ठिकाणी आक्रसत गेला. एका माणसाच्या विश्वासावर तालुका टिकला. संघटना मात्र वाढली नाही. 2019 साली गणपतराव थांबले, तेव्हा त्यांच्या नातवाला उभे करावे लागले, आणि तो 768 मतांनी पडला. 2024 साली दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, निवडून आला. तरुण आमदाराविषयी मनात शंका बाळगण्याचे कारण नाही; त्याला शुभेच्छाच द्यायच्या. परंतु घराणेशाहीला विरोध करणाऱ्या डाव्या चळवळीला पन्नास वर्षांनंतर वारस शोधण्यासाठी घराचाच उंबरठा गाठावा लागावा, ही गोष्ट सर्वच पुरोगामी पक्षांनी मनाला लावून घेतली पाहिजे. समाजवाद्यांनी तर अधिकच, कारण त्यांच्या पदरात आज एवढेही उरलेले नाही.

म्हणून गणपतरावांचे पुतळे उभारण्यापूर्वी आणि त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्यात. कृष्णेच्या पाण्याचे कुटुंबागणिक वाटप करण्याचा प्रश्न माणदेशातील जनतेने पुन्हा विधानसभेच्या दारात आणून ठेवावा, आणि या वेळी भूमिहीन त्यात पुढे असावा. दुसरे, प्रत्येक मतदाराने आपल्या आमदाराला निधीचा आकडा विचारण्याऐवजी असे विचारावे की, गेल्या अधिवेशनात आपण कोणता प्रश्न मांडला, कोणत्या विधेयकावर बोललात, आणि त्याचे उत्तर सांगण्यासाठी आमच्या गावात केव्हा आलात. हा प्रश्न विचारणारा मतदार जेथे आहे तेथे एसटीने येणारा आमदार पुन्हा निर्माण होईल. जेथे तो नाही, तेथे गणपतरावांसारखी माणसे आदराने आठवली जातील आणि निवडणुकीत पाडली जातील. सांगोल्याने एका माणसाला अकरा वेळा निवडून दिले याचे श्रेय त्या माणसाइतकेच, असा प्रश्न विचारणाऱ्या त्या कोरडवाहू मतदारालाही आहे.