कॅम्पातली धर्मशाळा

‘जुनी वास्तू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, वाडा, नाहीतर अंबरनाथचं शिवमंदिर. इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं ते काळ्या पाषाणातलं मंदिर सुंदर आहेच, वाद नाही. पण एकच स्टेशन अलीकडे, उल्हासनगरात, एक वास्तू आहे जिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. ती म्हणजे बराक!

हा सगळा भागच मुक्कामाचा. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं लोक सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी दोन हजारांवर बराकी उभ्या राहिल्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसं त्यांतच उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली नि कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर तीन’ असंच म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, फाळणीवर पाच मार्कांचं उत्तर पाठ केलं. त्यात या कॅम्पचं नावसुद्धा नव्हतं.

बराकीचा प्लॅन अगदी साधा. मधे मोठा हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. कुटुंबं आली तेव्हा हॉलमधे पडदे लागले नि एकाच छपराखाली कितीतरी संसार मांडले गेले. आपल्या धर्मशाळेचंही हेच गणित, ओवरी एक नि बिऱ्हाडं अनेक. फरक इतकाच, की धर्मशाळेतला वाटसरू सकाळी पुढे निघतो. यांना परत जायला गावच उरलं नव्हतं. मग मुक्कामाचंच घर झालं, नि घराला लागून दुकान.

काही जण म्हणतील, गैरसोयीच्या बराकी जपायच्या कशाला? बरोबर आहे. तिथे राहणाऱ्याला ‘तुझं घर म्युझियम कर’ म्हणायचा हक्क आपल्याला नाही. त्यांनी पक्की घरं बांधली, चांगलंच केलं. पण पाडण्याआधी निदान मोजून तरी ठेवा!

सर्व्हे कॅम्पला आपण दरवर्षी कुठल्यातरी माळाचे कंटूर काढतो. एक वर्ष उरलेल्या बराकींचे प्लॅन काढूया. पडदे कुठे होते, चूल कुठे होती, हे तिथल्या आजी-आजोबांना विचारून त्यावर मांडूया. त्या वेळी जे लहान होते, तेही आता ऐंशीच्या घरात आहेत. दगडाचं मंदिर थांबेल, माणसं थांबणार नाहीत. सर, येत्या सर्व्हे कॅम्पसाठी एवढा विचार कराल का?