कादंबरीतले कूट आणि दप्तरातले कूट

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची 'द दा विंची कोड' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आठ कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्याचे सांगतात. मेहता पब्लिशिंग हाऊसने ती मराठीत आणली आणि तालुक्याच्या गावच्या वाचनालयांतही तिची पाने हाताळून मऊ झाली. अशा पुस्तकाविषयी समाजवादी साप्ताहिकात लिहावे काय, असे काही मित्र विचारतील. लिहावे असे मला वाटते. या कादंबरीवरून वाचकांत जे तट पडले ते केवळ अभिरुचीचे नाहीत; आणि त्यांपैकी एका तटात आपलेच कार्यकर्ते अधिक दिसतात, ही मला काळजीची गोष्ट वाटते.

कथासूत्र थोडक्यात असे. येशूचा मेरी मॅग्डालीनशी विवाह झाला होता व त्यांचा वंश पुढे चालला. चर्चने हे सत्य शतकानुशतके दडपले. एका गुप्त मंडळाने ते जपले आणि लिओनार्दोने आपल्या चित्रांत त्याच्या खुणा पेरून ठेवल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात खून होतो व या रहस्याचा पाठलाग सुरू होतो.

पहिला तट बंदीवाल्यांचा. २००६ साली कादंबरीवरचा चित्रपट आला तेव्हा केंद्र सरकारने तो धर्मगुरूंना दाखवून, 'ही कल्पित कथा आहे' अशी सूचना जोडून, प्रौढांसाठी संमत केला. तरीही गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू, आंध्र अशा राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र आणि मद्रास या उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतील बंदी रद्द केली, हे योग्यच झाले. अल्पसंख्य समाजाचे दुखावलेपण हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. परंतु दुखावलेपणाचे उत्तर प्रतिवाद हे आहे, पोलीस नव्हे.

दुसरा तट म्हणतो, "परधर्माबद्दल सारे चालते, हिंदू धर्माबद्दल असे लिहिण्याची छाती आहे काय?" या मित्रांची स्मरणशक्ती अधू असावी. डॉ. आनंद यादव यांनी 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी लिहिली. ती याच प्रकाशनसंस्थेने २००८ साली काढली. वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, लेखकाने माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले आणि २००९ चे महाबळेश्वरचे साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडले. म्हणजे लिहिण्याची छाती होती. ऐकून घेण्याचे औदार्य नव्हते. पणजीत जे चुकीचे ते पुण्यात बरोबर ठरत नाही.

तिसरा तट आपला. आमच्या अंबाजोगाईच्या वाचकांच्या बैठकीत एक तरुण कार्यकर्ता मोठ्या समाधानाने म्हणाला, "सर, धर्मसंस्थेचे पितळ उघडे पाडले आहे या माणसाने." बैठकीत बऱ्याच माना डोलल्या. मला मात्र होकार देता आला नाही.

पहिले कारण साधे आहे. कादंबरीकाराला कल्पनेचे पूर्ण स्वातंत्र्य असते. पण ब्राउन यांनी आरंभीच 'वस्तुस्थिती' या मथळ्याचे पान छापले आणि ते गुप्त मंडळ १०९९ साली स्थापन झालेली खरी संस्था आहे असे सांगितले. वस्तुतः प्येर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच माणसाने ते १९५६ साली नोंदविले आणि त्याच्या प्राचीनत्वाचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवण्यात आले. चर्चवर ज्या बनावटीचा आरोप आहे तिच्याच पायावर आरोपाची इमारत उभी आहे. पोथीतले खोटे नाकारणाऱ्याने कादंबरीतले खोटे स्वीकारावे, यात बुद्धिवाद कोठे राहिला?

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मूठभर माणसांनी दडविलेले गुपित हेच साऱ्या इतिहासाचे मूळ आहे, असे मानण्याची एक सवय असते. ती एका धर्माविरुद्ध वापरून थांबत नाही. ज्यूंच्या जागतिक कटाची 'कागदपत्रे' बनावट असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ सालीच सिद्ध केले होते. तरी नाझींनी ती वापरलीच. आपल्याकडे पु. ना. ओक यांनी ताजमहाल हा मुळात हिंदू वास्तू असल्याचा व ते सत्य दडपल्याचा सिद्धान्त मांडला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, पण सिद्धान्त मेला नाही. आज तो भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरतो. 'त्यांनी लपविले' या वाक्याला पुरावा लागत नाही. पुरावा नसणे हाच लपविल्याचा पुरावा ठरतो. हे हत्यार ज्याच्या हाती गर्दी असते त्याचेच होते, आणि गर्दी आज आपल्या हाती नाही.

यावर तो तरुण म्हणाला, "पण चर्चने मेरी मॅग्डालीनवर अन्याय केला हे तर खरे?" होय, खरे. पण तो कसा झाला ते पाहावे. ५९१ साली पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तिला बायबलमधल्या एका पापी स्त्रीशी एकरूप केले आणि ती पुढे पतिता म्हणूनच ओळखली गेली. १९६९ साली चर्चने आपल्या पंचांगात ही चूक दुरुस्त केली. यात तळघर नाही, गुप्त खूण नाही. अन्याय भर सभेत झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी तो ऐकून घेतला. बहुतेक अन्याय असेच होतात. पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, हे काय कोणापासून लपलेले होते? साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले ते रहस्यभेदासाठी नव्हे. सर्वांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट सर्वांना दिसावी म्हणून केले.

आणि धर्मातले खरे गुपित पाहायचे असेल तर लूव्रपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थ आहे. या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या लिपीची उकल केली; पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. कूट उलगडले तेव्हा त्यातून मराठीचे आद्य गद्य हाती आले. ते काम हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून केले. एका रात्रीत जग उलथविणारे सत्य कोणाला सापडले नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, म्हणून शेवटी जमिनीकडे येतो. निजामाच्या राज्यात मंदिरे, दर्गे, मशिदी यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनीला 'खिदमतमाश' म्हणत आणि व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेल्या जमिनीला 'मदतमाश'. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने व्यक्तींची इनामे गेली. धर्मसंस्थांची वगळली गेली. बीड जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत देवस्थान आणि वक्फ अशा दोन्ही जमिनींच्या व्यवहारांवरून गुन्हे नोंदले गेले आहेत. त्यांतला मुख्य आरोप असा की, खिदमतमाश जमीन कागदोपत्री मदतमाश दाखवून खासगी नावांवर चढविली गेली. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द, आणि देवाची जमीन माणसाची. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण हे कूट ज्या दप्तरात आहे ते तहसील कचेरीत आहे. सात-बारा आणि फेरफार यांच्या नकला कोणालाही मागता येतात. शिवाय या आरोपांत मंदिर आणि दर्गा एकाच रांगेत लुटले गेलेले दिसतात. 'त्यांनी आपल्याविरुद्ध कट केला' असे सांगणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट गैरसोयीची आहे.

म्हणून त्या तरुणाला मी सांगितले, कादंबरी अवश्य वाच. तिच्यावर बंदी आली तर तुझ्यासोबत मीही निषेधाला उभा राहीन. परंतु धर्मसंस्थेची सत्ता समजून घ्यायची असेल तर ती जमीन, देणगी, प्रतिष्ठा आणि उघडपणे पाळले जाणारे रिवाज यांत आहे. गुपित फुटले की सारे संपेल, ही आशा कार्यकर्त्याला आळशी करते. मग तो संघटना बांधण्याऐवजी स्फोटाची वाट पाहत बसतो.

पुढच्या बैठकीला तो आपल्या गावच्या देवस्थानच्या जमिनीचे उतारे घेऊन येणार आहे. बैठकीस येणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या गावचे आणावेत.